ओठ न दाखवता

मी मिशी काढली तेव्हा नांदूरघाटच्या बाजारात भेटलेल्या पहिल्याच मित्रानं विचारलं, "का रं, कोण गेलं?" आमच्याकडे घरातलं कुणी गेल्याशिवाय मिशी काढत नाहीत. मुलीला माझे ओठ नीट दिसावेत म्हणून मी ती काढली होती, आणि मला त्याचा अभिमान होता.

मुलगी जन्मापासून बहिरी. चालायलाही उशिरा लागली, म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. अशर सिंड्रोम निघाला. या दुर्मिळ आजारात ऐकू येत नाहीच, पुढे नजरही हळूहळू जाते. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग बाजूचं. डॉक्टरांनी विचारलं, "नात्यात लग्न?"

"यांच्या मामाचीच पोरगी हाय मी," बायको म्हणाली. हे सांगताना आमच्याकडे कुणी मान खाली घालत नाही. मी घातली. वडिलांनी बाहेरचं स्थळ आणलं होतं. मामाच्या मुलीचा हट्ट माझा होता.

मुलगी चार वर्षांची असताना कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं. कानामागे मशीन लागलं. मशीन आवाज पोचवतं, पण त्याचा अर्थ लावायला मुलाला शिकवावं लागतं. ते काम बायको, ओठ दिसू नयेत म्हणून, मुलीच्या पाठीमागे बसून करायची. मी दुकानातून आलो की समोर बसून ओठ मोठे करून बोलायचो. पाहुणे तिला नाव विचारायचे, शाळा विचारायचे. मी त्यांच्या मागे उभा राहून नुसत्या ओठांनी उत्तर सांगायचो. ती बरोबर बोलायची. "लई भारी मशीन हाय," पाहुणे म्हणायचे. माझ्यामुळे झालेलं भरून निघालं असं लोकांना दिसावं, एवढ्यासाठी मी तिचं ऐकणं मागे पाडलं.

बीडच्या थेरपीच्या मॅडमनी एकदा तोंडासमोर कागद धरून तिला प्रश्न विचारला. ती गोंधळली आणि वळून माझे ओठ शोधू लागली. मॅडमच्या लक्षात आलं. "डोळे गेल्यावर हिनं कुणाचे ओठ वाचायचे?" त्या म्हणाल्या. "मिशी वाढवा, दादा."

तेव्हापासून घरी मी तोंडावर रुमाल धरून बोलतो. सुरुवातीला ती रडायची, आणि मी लगेच रुमाल काढायचो. बायको चिडायची.

परवा संध्याकाळी ती रुमाल ओढायला लागली. "पप्पा, तोंड दाखवा की!" मी रुमाल काढणारच होतो. तिच्या पाठीमागून, चुलीपुढून बायको ओरडली, "नका दाखवू! ऐकू दे तिला!"

"आई, तू गप बस!" मुलगी म्हणाली. तिनं मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

बायकोचा भाकरी थापणारा हात थांबला. मग ती तिथूनच म्हणाली, "का म्हणून गप बसू? सांग की."

"पप्पा मला दाखवतेत!"

"न्हाई दाखवत!"

मी रुमाल तसाच धरून बसलो. माझ्याकडे बघत मुलगी आईशी भांडत राहिली.