दाराला बांधलेलं दावं

माझा मित्र सदा गेला त्या दुपारी मी त्याच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. सांगलीच्या दवाखान्यातली नर्स म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा, दार उघडू नका." मी उठून दारावर नुसता तळहात टेकवला आणि परत बसलो. वीस मिनिटांनी ती आत गेली आणि पळतच बाहेर आली... सहा आठवडे झाले, मी अजून त्या वीस मिनिटांपाशीच अडकून बसलोय.

दार उघडायचं नाही, हे आम्ही दोघं एकत्रच शिकलो होतो. बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. आम्ही दोघं पशुवैद्य सांगलीजवळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत गाईचे गर्भ शरीराबाहेर जगवायच्या खटपटीत होतो. एका गाईचा गर्भ काढायचा, काचेच्या बशीत घालून उबेच्या कपाटात ठेवायचा आणि दुसरी गाय गर्भ धरायला तयार झाली की तिच्या पोटात सोडायचा. बोलायला सोपं, पण बशीतले गर्भ एक दिवसही तग धरत नव्हते. आम्ही पाणी बदललं, द्राव बदलला, काचसामान तीन-तीनदा उकळलं, एकमेकांवर खेकसलो. सदा तर मुळातच काळजीखोर. घरी दूध तापत ठेवलं की पातेल्यापाशी उभा राहणारा. दर अर्ध्या तासाला तो कपाट उघडून बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि मी त्याच्या खांद्यावरून डोकावायचो.

अशात माण तालुक्यातून बापू नावाचे शेतकरी आपली पवळी घेऊन आले. चारा छावणीतून जगून आलेली म्हातारी खिलार गाय, त्यांच्या दावणीची शेवटची. तिला आता वासरू पेलवणार नव्हतं. तिचे दोनच गर्भ मिळाले. दुसरी गाय उद्या तयार होणार, तोवर ते दोन ठिपके जगले नाहीत तर पवळीचा वंश संपला. बापू उंबऱ्याशी उकिडवे बसून आमची ये-जा बघत होते. सदा तिसऱ्यांदा कपाट उघडून मागं फिरला तसे ते म्हणाले,

"आवं डागदर, अंड्यावरली कोंबडी सारकी उठिवली तर पिल्लं कशी व्हत्याली?"

"बापू, बघायला नको का?"

"बघून काय जीव येतुया व्हय?"

मला राग आला, शिकलेल्या माणसाला येतो तसा. पण नजर कपाटावरच्या थर्मामीटरकडे गेली. पारा चांगलाच उतरला होता. तो जागेवर यायला पाऊण तास लागला, आणि आमची फेरी तर अर्ध्या तासाची! म्हणजे इतके दिवस आम्हीच काळजीपोटी त्यांना गारठवून मारत होतो.

बापूंनी पिशवीतून पवळीचं जुनं दावं काढलं आणि कपाटाच्या मुठींना करकचून बांधलं. "आता उद्याच सोडायचं." सदा दिवसभर त्या दारावर तळहात टेकवून बसला, जेवलाही नाही. दुसऱ्या दिवशी घामेजल्या बोटांनी त्याला गाठ सुटेना, शेवटी मी सोडली. एक गर्भ काळवंडला होता. दुसरा जिवंत होता. पुढच्या वर्षी पवळीची कालवड माणला गेली.

सदाची ती सवय मात्र जन्माची झाली. वहिनींचं बाळंतपण असो की पोराचं ऑपरेशन, बंद दारावर तळहात ठेवून उभा राहायचा, आत डोकावायचा नाही. त्याचं बघून मलाही तीच लागली.

परवा वहिनींनी त्याच्या टेबलाच्या खणातलं ते दावं माझ्या हातात ठेवलं. गाठीच्या जागी त्याला अजून पीळ आहे. बापू, बघून जीव येत नाही, हे तुमचं खरंच. पण त्या दुपारी आत ऊब जपायची नव्हती, माझा मित्र एकटा होता. मी दार उघडायला हवं होतं.