जॉर्जिनाचे न तुटलेले भाले

हा किस्सा मीच सांगून टाकते. कारण देशपांडे काका तो सगळीकडे सांगत फिरतात, आणि त्यांच्या तोंडून ऐकलात तर तुम्ही मला वीरांगना समजाल. मी वीरांगना नाही. मी कोण आहे ते शेवटी तुम्हीच ठरवा.

जाउस्टिंग माहितीये ना? चिलखत घालून दोघं घोड्यावर, मध्ये लाकडी कठडा, आणि लांबलचक भाले रोखून समोरासमोर सुसाट! जुन्या सरदारांचा खेळ. इंग्लंडात ब्रॅकनेलला नोकरीला आले तेव्हा कळलं, जवळच्या एका किल्ल्याच्या मैदानावर लोक हे अजून खेळतात. आणि त्यात एक बाई आहे. जॉर्जिना. आठवडाभर दातांची डॉक्टर, वीकेंडला लाल चिलखतात. सहा वर्षं फायनलला पोचते आणि हरते.

झालं! शतकानुशतकांचा अन्याय माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मी लगेच ईमेल केली, मला टीममध्ये घ्या, पडेल ते काम करीन.

काम मिळालं, तेही थेट फायनलला. जॉर्जिना घोड्यावर बसली की तिच्या हातात भाला द्यायचा. मी इथल्या मराठी मंडळातले पंधरा जण बघायला आणले. त्यांचे पुढारी अर्थातच देशपांडे काका, हॉस्पिटलमधून रिटायर झालेले, आवाज मात्र अजून ड्युटीवर.

सकाळी जॉर्जिनाचा म्हातारा मदतनीस ट्रेव्हर सूचना द्यायला लागला. मोकळ्या मैदानात आग लागली तर कुठून बाहेर पडायचं, इथपासून सुरुवात! सांगा, इतका धीर कुणाला असतो? मी मान डोलावत डोलावत भाले तपासायला लागले.

आणि चरकलेच. प्रत्येक भाल्याचं पुढचं हातभर टोक हलक्या, भुसभुशीत लाकडाचं. नख रुतत होतं. बिचारीला सहा वर्षं हे असले भाले?

आता मी चार वर्षं पुण्यात ढोल वाजवलाय. पथकातला पहिला धडा काय? टिपरूला आधी चिकटपट्टी, मग ढोलाला हात. मिरवणुकीत टिपरू मोडलं की वर्षभर तोंड दाखवायची सोय नसते. ट्रेव्हर चहाला गेला, मी त्याच्या पेटीतून चिकटपट्टी काढली. लाल भाले, लाल पट्टी. घट्ट, पाच-पाच वेढे. कुणाला कळलंसुद्धा नाही, इतकं सुबक काम.

पहिली धाव. समोर पांढऱ्या चिलखतातला सायमन. धाडकन टक्कर! सायमनच्या भाल्याच्या चिंधड्या उडाल्या. जॉर्जिनाचा बरोब्बर त्याच्या ढालीवर बसला, घसरला आणि जसाच्या तसा परत आला.

"काका, त्याचा तुटला! आपला शाबूत!" मी ओरडले.

मग काय, मंडळ उभंच राहिलं. काकूंनी शिट्टी वाजवली. भोंग्यावर गुण सांगत होते, पण ते ऐकू यायला आम्ही गप्प बसायला हवं होतं ना!

दुसरी धाव. पुन्हा तेच. त्याच्या चिंधड्या, आपला ठणठणीत. मी घाईघाईत तिसऱ्या भाल्यावर आणखी तीन वेढे चढवले आणि तिच्या हातात दिला.

जॉर्जिनाने शिरस्त्राणाची झडप वर केली. "हे तुटत का नाहीयेत?"

"काळजी करू नकोस," मी अभिमानाने म्हणाले, "हा तर अजिबात तुटणार नाही."

तिचे डोळे केवढे तरी मोठे झाले. पण तेवढ्यात झेंडा पडला आणि घोडा सुटला.

तिसराही तुटला नाही.

मी नाचत नाचत ट्रेव्हरकडे गेले. त्याने भाल्याच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि शांतपणे म्हणाला, "गुण भाले तुटण्याचेच असतात. ते तुटतात म्हणून माणसं तुटत नाहीत. सकाळी हेच सांगत होतो. आगीच्या नंतर."

मी पंचांकडे धावले, चूक माझी आहे, पुन्हा खेळवा म्हणून भांडले. ते म्हणाले, नियमाने तुमच्या बाईंना बादच करायला हवं, तेव्हा आवाज जरा कमी.

जॉर्जिना गवतावर बसून नखाने पट्टी सोलत होती. तीनही वार नेमके बसले होते तिचे. सहा वर्षांत पहिल्यांदा. मला रडू फुटणार, इतक्यात ती म्हणाली, "इतकं पक्कं काम मी दातांवरसुद्धा करत नाही."

आणि वर कहर म्हणजे, सायमन आला, गुडघ्यावर बसला आणि विजेत्याची निळी फीत त्याने सगळ्यांसमोर माझ्या मनगटाला बांधली. काकांनी फोटो काढून तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो पुण्यात पोचला. 'आपल्या मुलीने मैदान मारलं!'

दहा मिनिटांत आईचा फोन. आवाज भरून आलेला.

"अगं, हरवलंस तरी कुणाला?"

"आमच्याच बाईला, आई."