चौथ्या वळणावर गाडी का फिरते?

बारापैकी दहाजणांची गाडी चौथ्या वळणावर गरकन फिरली आणि उलटं तोंड करून उभी राहिली. निखिलने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"बघ. दहा! आणि उरलेल्या दोघांनी तिथवर पोचायच्या आधीच फोन खाली ठेवला."

निखिल आमच्या स्टुडिओचा मालक, म्हणजे माझा बॉस. साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, लेथवाल्यांच्या वरच्या मजल्यावर, आम्ही मोबाइलसाठी गाड्यांच्या शर्यतीचा गेम बनवत होतो आणि चाचणीसाठी तो बाहेरच्या बाराजणांना खेळायला दिला होता. मी तिथली हँडलिंग डिझायनर. गाडी दिसते कशी हे बघणारे वेगळे. ती वळते कशी, एवढंच माझं काम. दोन वर्षं मी दुसरं काही केलं नव्हतं.

"उद्या क्लायंट येतोय," निखिल म्हणाला. "अंडरस्टिअर करून टाक."

"नाही करणार."

"वैशाली, हट्ट नको करू यार. लोकांना झेपत नाहीये."

हे अंडरस्टिअर काय ते सांगते. रिक्षावाल्याला 'लेफ्ट घ्या' म्हटलं आणि तो आणखी थोडा सरळ जाऊन मग निवांत वळला, की समजा अंडरस्टिअर. पुढच्या चाकांची पकड सुटते आणि गाडी सांगितलं त्याहून कमी वळते. ओव्हरस्टिअर याच्या बरोबर उलट. मागची चाकं घसरतात, शेपूट बाहेर येतं आणि गाडी सांगितलं त्याहून जास्त वळते. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या मुद्दाम अंडरस्टिअरकडे झुकलेल्या बनवतात, कारण ते सुरक्षित. पण गेममध्ये मला ते अळणी लागतं. शेपूट बाहेर आलं, ते अंगठ्याने सावरलं आणि सुसाट बाहेर पडलात की जे काही होतं ना, त्यासाठी मी सकाळी मुलुंडहून दोन बस बदलून येते.

क्लायंट म्हणजे गेम बाजारात आणायचा की नाही हे ठरवणारी कंपनी. त्यांच्या माणसाने गाडी हातात घेतली आणि ती फिरली, तर खेळ खलास. आणि आज मी तिला अंडरस्टिअर केलं तर माझी दोन वर्षं पाण्यात.

"संध्याकाळपर्यंत वेळ दे," मी म्हटलं.

"सहा वाजेपर्यंत. मग मी स्वतः आकडे बदलणार."

मी चौथं वळण खेळायला बसले. उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी, पलीकडचं काही दिसत नाही असं घाटातलं वळण. शंभरेक वेळा घेतलं. गाडी एकदाही फिरली नाही! शेपूट बाहेर, अंगठा उलटा, सुटले. लोण्यासारखं. मग इतरांचं घोडं अडतं कुठे?

लॉग उघडला. खेळणाऱ्याने कधी किती वळवलं, कधी गॅस दिला, याची ती नोंद असते. आमच्या गेममध्ये डाव्या अंगठ्याने वळवायचं आणि उजव्याने गॅसचं बटण दाबून ठेवायचं. दहाही जणांनी चौथ्या वळणाच्या तोंडाशी गॅस सोडला होता. इथे सगळं उलगडलं असं मला वाटलं. वळणात गॅस एकदम सोडला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि सुटतात.

"म्हणजे घाबरले," निखिल म्हणाला. "घाबरला की माणूस गॅस सोडतो. अंडरस्टिअरमध्ये सोडला तर गाडी उलट सावरते. मी काय वेगळं सांगतोय?"

त्याचं बरोबर होतं, आणि मला त्याचा भयंकर राग आला.

पण लॉगमध्ये एक गोष्ट खटकत होती. दहाही जणांनी गॅस डोळ्याचं पातं लवेल एवढाच वेळ सोडला होता आणि लगेच परत दाबला होता. घाबरलेला माणूस गॅस सोडतो तो सोडतोच. ही भीती नव्हती. हे दुसरंच काहीतरी होतं! काम करताना असं काही खटकलं की मला जेवणसुद्धा सुचत नाही.

चार वाजले होते. मी फिलू आंटींना ओढून आणलं. फिलोमिना आंटी आमचं ऑफिस सांभाळतात. मरोळच्या गावठाणातल्या, रोज स्कूटरने येतात.

"मला कशाला गं? माझा चाय थंड व्हतोय."

"दोनच मिनिटं, आंटी."

त्या खेळायला लागल्या. या वेळी मी स्क्रीनकडे बघितलंच नाही. फक्त त्यांचा हात बघत राहिले. चौथं वळण आलं. उजवा अंगठा गॅसवरून उडाला, वरच्या बटणावर टेकला, परत खाली आला. गाडी गरकन फिरली.

"आंटी, हॉर्न का मारलात?"

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की बस्स. "आंधलं वलन हाय. हॉर्न नाय मारायचा? आमच्या गल्लीत नाय मारला तर समोरचा सरल अंगावर येतो. आनि तूच तर पाटी लावलीस ना!"

"कसली पाटी?"

त्यांनी बोट दाखवलं. वळणाच्या आधी दगडाला टेकून पिवळी पाटी उभी होती. 'पुढे वळण आहे. हॉर्न द्या.' घाट खरा वाटावा म्हणून मीच ती रंगवून घेतली होती. आज ती शंभरदा पाहिली होती आणि एकदाही वाचली नव्हती. हॉर्नचं बटणही माझंच, गंमत म्हणून टाकलेलं, म्हणून त्याची लॉगमध्ये नोंद नव्हती. शेजारच्या खोलीत सतत कॉल चालतात म्हणून चाचणीचे फोन म्यूट ठेवलेले. दहाजणांनी हॉर्न दिला, ऐकला कोणीच नाही.

मी अशी ओरडले की खालच्या लेथवाल्याने मशीन बंद करून वर डोकावून पाहिलं.

"तू गाडी चालवते ना गं?" आंटींनी विचारलं.

"नाही. लायसन्सच नाहीये माझ्याकडे."

"अरे देवा! मग गाडी वलवायचं काम तुला कोनी दिलं?"

मागे निखिल खो खो हसत होता. मीही हसले, पण घाईघाईत, कारण साडेचार झाले होते. उपाय कोडच्या चार ओळींचा होता: अंगठा हॉर्नवर असेपर्यंत गॅस चालूच धरायचा. बाकी कशाला हात लावला नाही. आंटींना पुन्हा बसवलं. हॉर्न, शेपूट बाहेर, सुटल्या. "झकास!" म्हणाल्या आणि चहा विसरून अकरा फेऱ्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी क्लायंटच्या माणसाने फोन हातात घेतला. चौथ्या वळणावर त्याचाही अंगठा उडाला, हॉर्न वाजला आणि गाडी शेपूट हलवत डौलात पार झाली. मी टेबलाखाली मूठ आवळून धरली होती. तो पुन्हा खेळला, मग पुन्हा. शेवटी म्हणाला, "हँडलिंगला हात लावू नका. फक्त हॉर्न थोडा मोठा करा."

एवढी एकच दुरुस्ती. ती मी पाच मिनिटांत केली आणि मुलुंडच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. ओव्हरस्टिअर, वजन, पकड सगळं मला पाठ होतं. पहिल्याच गल्लीच्या तोंडाशी मी सुंदर वळले, आणि शेजारी बसलेल्या सरांनी ब्रेक दाबला.

"मॅडम," ते म्हणाले, "हॉर्न कोण देणार?"