न वाजवलेली घंटी

माझ्या सायकलला घंटी नव्हती. दुकानातून आणली तेव्हा होती. मीच स्क्रू सैल करून ती काढली आणि बेसमेंटमधल्या एका डब्यात टाकली. खडीवर ती आपोआप किणकिणते, डोकं उठतं, असं मी बायकोला सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं.

या देशातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात, एटोबिको नावाच्या उपनगरात, मी सिग्नलला पुढच्या गाडीला हॉर्न दिला होता. त्या गाडीतला माणूस उतरला, माझ्या काचेपाशी आला आणि नुसता बघत उभा राहिला. त्यानंतर माझा हात हॉर्नकडे गेला नाही. आमच्या वसईत केळीच्या वाड्यांमधून जाताना पुढे कोणी म्हातारं माणूस असलं, तर त्याच्या पाठीवर घंटी वाजवणं बरं दिसत नसे. सायकलवरून उतरायचं, ‘काकी, जरा बाजूला’ म्हणायचं आणि पुढे जायचं. इथे काकी कोणाला म्हणणार? म्हणून मी आवाज न करता जायला शिकलो. त्यालाच सभ्यपणा म्हणत राहिलो.

पुढे नोकरीमुळे आम्ही मॉन्ट्रियलला आलो. शहराबाहेर तासाभरावर एका जुन्या रेल्वेचे रूळ उखडून बारीक खडीची वाट केलेली आहे. तिच्यावर गाड्यांना बंदी. दोन्ही बाजूंना मका, मधूनमधून ओढ्यावरचे लोखंडी पूल, लांबवर एखाद्या चर्चचा पत्र्याचा कळस. शनिवारी सकाळी मी गाडीच्या मागे सायकल अडकवून तिथे जायचो. एका पुलाच्या अलीकडे एक म्हातारी बाई काठी घेऊन समोरून चालत यायची. “बाँजूर, मस्यू,” ती फ्रेंचमध्ये नमस्कार करायची. मीही “बाँजूर” म्हणायचो. आमची ओळख एवढीच.

त्या वाटेवर मागून येणारा प्रत्येक जण लांबूनच घंटी वाजवतो. शाळकरी मुलंसुद्धा. तिथे घंटी म्हणजे ‘हट’ नव्हे, ‘मी येतोय’. हे मी दर शनिवारी ऐकत होतो, तरी शिकलो नाही.

एका शनिवारी मला निघायला उशीर झाला. ती बाई परत फिरली होती, माझ्याकडे पाठ करून चालत होती. मी नेहमीसारखाच गुपचूप डावीकडून गेलो. सायकल तिला लागली नाही. पण इतक्या जवळून अचानक काहीतरी गेल्यामुळे ती दचकली असणार. मागे आधी काठी खडीवर पडल्याचा आवाज आला, मग ती पडल्याचा.

मी वळून पाहिलं. ती कडेच्या गवतात बसली होती आणि तिचा एक हात वर होता. ‘ठीक आहे, जा,’ असा मी त्याचा अर्थ लावला. मला तो लावायचाच होता. मी पेडल मारत राहिलो.

पुढच्या शनिवारी ती दिसली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पुलाजवळ आलो की मागे खडीवर काठी आपटल्यासारखी वाटायची. थांबलो की काहीच नसायचं. मक्याची पानं एकमेकांवर घासत असायची. कुंपणाचा एखादा खांब दुरून वर केलेल्या हातासारखा दिसायचा. मी ती वाट सोडून दुसरीकडे जाऊ शकलो असतो, पण गेलो नाही. ती मेली असेल, असं वाटायचं, आणि नसेल हे बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

मका कापून झाला तेव्हा शेताच्या पलीकडचं तिचं घर वाटेवरून दिसायला लागलं. ती पुढच्या पायरीवर बसली होती, मनगट प्लास्टरमध्ये. तिनेच हात केला. मी पायरीसमोरच्या कुंपणापाशी गेलो.

“बऱ्याच दिवसांनी, मस्यू,” ती सावकाश इंग्रजीत म्हणाली. “मी पडले. मागून सायकल आली, मला ऐकूच आली नाही.”

“घंटी नसेल वाजवली,” मी म्हणालो.

“वाजवली असणारच. इथे सगळे वाजवतात.” ती हसली. “माझेच कान गेले. मुलगी म्हणते, आता एकटं राहणं पुरे. म्हाताऱ्यांच्या निवासात जागा बघितली आहे तिने. बर्फ पडायच्या आत जायचंय.”

“तुम्हाला जायचंय?”

“चाळीस हिवाळे मी इथेच फावड्याने बर्फ उपसलाय. पण कान नाहीत म्हटल्यावर काय बोलणार?”

मी मान खाली घालून, ओठांतल्या ओठांत, “सॉरी,” म्हणालो.

“कशाबद्दल?” तिने लगेच विचारलं.

तिला ते ऐकू गेलं होतं. माझं मलाही नीट ऐकू आलं नव्हतं.

“पडलात, त्याबद्दल,” मी म्हणालो, आणि निघालो. पहिल्यांदा पळालो तेव्हा घाबरलो होतो, असं तरी म्हणता येईल. या वेळी तेही म्हणता येत नाही.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

“इथे खांबाला धडकलास तरी सॉरी म्हणतोस रे,” ती म्हणाली. “लिफ्टमध्ये, ग्रोसरीच्या लाइनीत, शिंकलास तरी. आणि जिचं घर चाललंय तिलाच तेवढं सांगायला जमलं नाही?”

“फ्रेंच येत नाही मला.”

“तिला इंग्रजी येतं ना? मग?” तिने गॅस बंद केला. “पण फ्रेंचमध्येच सांग. तिच्या भाषेत. मी शिकवते.” ती डे-केअरमध्ये काम करते, दिवसभर फ्रेंचच बोलते. आठवडाभर तिने माझ्याकडून ती वाक्यं लहान मुलासारखी घोकून घेतली.

रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर आम्ही गाडीने गेलो. बायको गाडीतच बसून राहिली. दार म्हातारीच्या मुलीने उघडलं. ती माझ्याच वयाची असेल. तिच्या मागे खोलीत अर्धी भरलेली खोकी होती, आणि आई खुर्चीत बसली होती. “बाँजूर, मस्यू,” ती म्हणाली, नेहमीसारखंच.

मी दोघींना दिसेन असा उभा राहिलो आणि पाठ केलेलं बोललो. एका जागी अडखळलो, तेव्हा पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

“ज्याच्यामुळे तुम्ही पडलात तो सायकलवाला मी होतो. मी घंटी वाजवली नाही. माझ्या सायकलला घंटीच नाही, ती मी काढून टाकली. तुमचे कान चांगले आहेत. ऐकायला काही नव्हतंच. तुम्ही हात वर केलात, तो मी पाहिला, आणि तरी थांबलो नाही. मला माफ करा.”