पाहुणीसाठी टँकर
तापलेल्या धुळीवर पाणी मारल्याचा वास आला की मला कामरगावची ती उन्हाळ्यातली दुपार आठवते. सोयाबीन चाळून पोती भरणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी नुकतीच हिशेबाला लागले होते. आमचा माल घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीला एक अहवाल हवा होता, वीज किती जाळता, पाणी किती वापरता, कचऱ्याचं काय करता. अहवाल ऐच्छिक होता, पण न देणाऱ्याचा माल पुढच्या हंगामात उचलणार नाही, हेही फोनवर सांगून झालं होतं. पाण्यापुढे मी निर्धास्त शून्य लिहिलं, कारण आमचं काम सगळं कोरडं, पाणी लागायचं ते पिण्यापुरतं. मग कंपनीच्या एक मॅडम स्वतः पाहायला येणार असं कळलं. त्या दिवशी मी पोचले तर मालक, ज्यांना आम्ही चाचा म्हणायचो, हातात पाइप धरून उभे, आणि फाटकाशी टँकर रिकामा होत होता. गावात प्यायच्या पाण्याची मारामार, आणि इथे अंगण, भिंती, पत्रे सगळं निथळत होतं. "चाचा, हे काहून करून राह्यले?" "पाहुणी येऊन राह्यली बाई, तिले धूळ दाखवू का?" मॅडम चिखलातून चपला सांभाळत आल्या, टँकरकडे पाहून म्हणाल्या, "असे किती लागतात?" चाचांना वाटलं, पाहुणचार कमी पडला. "लागला त अजून एक बोलावतो," ते म्हणाले. मॅडमनी माझं शून्य खोडून तिथे दोन टँकर लिहून घेतले. त्याला वर्षं लोटली. पाणी कमी कसं केलं, हे कंपनी अजून दरवर्षी विचारते, आणि मी दरवर्षी लिहिते की यंदा पाहुणे आले नाहीत.