ढगावरचा लाल उजेड

माझा जावई पायाळू होता, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेला. आमच्याकडे म्हणतात, अशा माणसावर वीज धावून येते. स्थळ आलं तेव्हा विहिणीनं हे आधीच सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, दारू पीत नाही ना, मग पायाकडून येवो की डोक्याकडून. लेक नांदगाव खंडेश्वरकडच्या एका गावात दिली.

त्या घरात एक रीत होती. ढग गरजायला लागला की कुऱ्हाड अंगणात फेकायची. वीज लोखंडाकडे जाते असा समज. कुऱ्हाड बाहेर आहे तोवर जावयानं उंबरा ओलांडायचा नाही. गरजणं थांबलं की घरातल्या बाईनं ती आत आणायची, मग तो मोकळा. लग्नानंतर हे काम माझ्या लेकीकडे आलं.

मी अकोल्यात जठारपेठेत राहते. नवरा गेल्यावर वरची खोली भाड्यानं देऊ लागले. त्या वर्षी ती अमरावतीच्या एका पोरीला दिली. बाप वकील, आई शिक्षिका, पोरगी विजांचा अभ्यास करणारी. तिनं गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून कॅमेरा लावला आणि पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं.

"आजी, कुरड्यांचं कापड जरा बाजूला घ्याल? ते फडफडलं की कॅमेऱ्याला वाटतं काहीतरी चमकलं."

"तुह्या कॅमेऱ्याले सांग, डोये नीट उघडून पाह्य म्हना. अन् विजा पाहाले इतक्या दूर काहून आली? अमरावतीले पडत नाहीत का?"

"तिकडच्याच बघते आजी. ढगाखाली उभं राहिलं की नुसता पाऊस दिसतो. लांब गेलं की ढगाच्या डोक्यावर काय होतं ते दिसतं."

मग तिनं सांगितलं. मोठी वीज जमिनीवर पडली की कधीकधी ढगाच्या वर, विमानं उडतात त्याच्याही कितीतरी वर, लाल उजेड होतो. पापणी लवायच्या आत संपतो. आवाज नाही, काही नाही.

"मंग त्याचा उपेग काय?"

"ते अजून नीट कळलेलं नाही."

खोटं बोलली नाही, ते मला आवडलं. कापड मी बाजूला घेतलं.

सोयाबीन निघायचे दिवस आले. एका संध्याकाळी अंधार पडला तेव्हा अकोल्यावर आभाळ निवळ होतं आणि पूर्वेकडे लांबवर लखलखत होतं. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. पोरगी गच्चीवरून ओरडत खाली आली, "आजी, मिळाला! मिळाला!" तिनं मला पडद्यावर दाखवला. काळ्या आभाळात लालभडक काहीतरी, वर झुपका आणि खाली बारीक मुळ्या लोंबलेल्या, उपटलेल्या गाजरासारखं. मी म्हटलं, चांगलं हाये, आता जेव. आम्ही जेवत होतो तेव्हा लेकीच्या गावाहून फोन आला.

तिकडे झालं ते असं. वादळ गावावरून पुढे गेलं. पाऊस भुरभुर उरला, गरजणं लांब गेलं. लेकीनं कुऱ्हाड आत आणली. सोयाबीनच्या गंजीवरची ताडपत्री वाऱ्यानं उचलली होती, ती पाहायला जावई बाहेर पडला आणि जाणाऱ्या ढगातून एकच वीज पडली. गावकऱ्यांनी त्याला गळ्यापर्यंत शेणात पुरून ठेवलं, जीव परत येतो म्हणून. आला नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्यांना आधी अंगावरचं शेण धुवावं लागलं.

त्याच दिवशी विहीण सगळ्यांसमोर म्हणाली, "गरजनं पुरतं थांबलं नव्हतं. हिनं घाई केली." तिचा मुलगा गेला होता, तिला कुणालातरी धरायचं होतंच. पण तेव्हापासून त्या घरात माझ्या लेकीच्या हातचं पाणी कोणी घेईना. कोणी तिला हाकललं नाही. ती पेला भरून पुढे करायची आणि समोरचा माणूस उठून स्वतः माठाकडे जायचा. तिला अजून सगळा जन्म तिथं काढायचा होता.

माती आटोपून मी अकोल्याला परत आले तेव्हा पोरगी जिन्यात बसली होती. म्हणाली, "आजी, मोठ्या विजा अशाच असतात. पाऊस जोरात असताना नाही. ढग पुढे गेला की मागं जो पसरलेला राहतो, त्यातून पडतात. लोकांना वाटतं संपलं. लाल उजेड बहुतेक अशाच विजांवर होतो. कुऱ्हाड बाहेर असती तरी पडली असती."

"हेच तिथं येऊन सांग."

"येते. पण हा उजेड नेमका त्याच विजेचा, असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. भाग तोच, वेळ साधारण तीच."

"हे तिथं सांगू नको."

तेराव्याला आम्ही दोघी एसटीनं गेलो. तिनं ओसरीवर बसून सगळं सांगितलं, सांगू नको म्हटलेलंही सांगितलं. लोकांनी मान देऊन ऐकलं. फोनमधला फोटो हातोहात फिरला. विहिणीनं तो बराच वेळ धरून ठेवला.

"किती उंच हाये हे?"

"सत्तर-ऐंशी किलोमीटर."

"पाह्यलं का वं," ती बायांकडे वळली. "इतक्या उंचावरून निशाना धरला विजेनं. अन् सारं गाव सोडून माह्याच लेकरावर आली. पायाळूले सोडत नाही म्हनतात थे खोटं नाही."

"नाही हो काकू, खाली वीज आधी पडते. हा उजेड त्यानंतर होतो. वरून कोणी बघत नसतं."

"तू शिकेल हायेस बाई. पन हे मले माह्या डोयानं दिसून राहिलं ना. अन् घरात पायाळू मानूस असून हिनं कुऱ्हाड आत आनली."

मला राहवलं नाही. "विहीनबाई, तुमी बी इथंच बसून होत्या. गरजनं थांबलं नव्हतं तर तवाच काहून बोलल्या नाही?"

"मले कानानं कमी आयकू येते," ती म्हणाली.

लेकीनं सासूच्या हातातून फोन घेतला. तेरा दिवसांत ती पहिल्यांदाच चारचौघांत बोलली.

"हे मागून झालं?"

"हो ताई."

"किती मागून?"

"मोजायलाही कठीण, इतकं लगेच."

"म्हंजे हे लाल झालं तवा हे गेले होते."

मला त्या संध्याकाळचं पोरीचं 'मिळाला, मिळाला' आठवलं. ते मी लेकीला अजून सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

फोटो विहिणीनं मागून घेतला आणि छापून आणवला. तो आता जावयाच्या फोटोशेजारी भिंतीवर आहे, हारासकट. लेकीची सुटका करायला नेलेला फोटो तिच्यावरच उलटला. महिनाभरानं मी तिला अकोल्याला घेऊन आले. जाताना तिला कोणी अडवलं नाही.

पोरगी अजून वरच राहते. पूर्वेकडे लखलखलं की गच्चीवर जाते. लेक कधी विचारत नाही, काय मिळालं म्हणून.

परवा आमच्याच डोक्यावर गरजलं. मी नकळत विळी अंगणात टाकली. पाऊस थांबला, चांदण्या निघाल्या, मी आणायला उठले. लेक म्हणाली, "राहू दे माय." सकाळी ऊन पडलं तरी तिनं आणू दिली नाही. विळी तिथंच गंजते आहे. भाजी मी सुरीनं चिरते.