दोन बोटांचा ब्रेक

दस्तगीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सायकलवरच होतो. ब्रेक दाबला, पाय टेकला आणि तसाच उभा राहिलो... त्याला आता दीड महिना झाला. लिहायला बसतो आणि कंटाळून उठतो. सत्तरी गाठलेल्याला माणसं जाण्याची सवय व्हायला हवी. ती होत नाही, नुसता थकवा येतो.

कराडात संगमाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेत आम्ही एका बाकावर; पुढे मी शिक्षक झालो आणि तोही मला मास्तर म्हणू लागला. दोन वर्षांपूर्वी माझं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण सरळ हँडलवर भार पडला की बोटं बधिर व्हायची, ब्रेक दाबला जायचा नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, बास आता सायकल." सायकल सुटली की मी घरात बसणार आणि घरात बसलो की संपलो, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून दस्तगीरकडे गेलो.

त्यानं सायकलकडे बघितलंसुद्धा नाही. मला स्टुलावर बसवलं. "डोळं मीट. कुणी परात द्यायला लागलंय असं समज आन् हात पुढं कर." माझे तळवे एकमेकांकडे वळले, कोपरं अंगाशी आली. "हात जातोय तिथं हँडल आणायचं मास्तर, हँडलाकडं हात वढायचा न्हाई." मग माळ्यावरून त्यानं मागे वळलेलं, जुन्या धाटणीचं हँडल काढलं. ब्रेकचे लिव्हर मात्र त्याला पटेनात. एकेक बसवायचा, स्वतः दोन बोटांनी दाबून बघायचा आणि काढून टाकायचा. "लय जड हाय." चौथ्यांदा तेच ऐकल्यावर मी वैतागलो.

"अरे, हात माझा मोडलाय का तुझा?"

"तुजाच की रं," म्हणून हसला, आणि पाचवा लिव्हर बसवला.

जाण्याआधीचं वर्षभर तो सायकल हातात धरून चालतच दुकानात यायचा. विचारलं, तर "डॉक्टरनी चालाया सांगितलंय." पोरांची खोटी कारणं पकडण्यात माझा जन्म गेला, हे मात्र मी खरं मानलं.

तो गेल्यावर घरी भेटायला गेलो. दाराशी त्याची सायकल उभी होती. सहज ब्रेक दाबला, तर दगडासारखा घट्ट. त्याची बायको, आमच्या भाभी, म्हणाल्या, "त्येंच्या बोटातली ताकद कवाच गेल्ती, मास्तर. च्याचा कपबी दोनी हातानं धरत हुते. तुमच्या सायकलीचं ते हँडल त्येंनी सोतासाठीच आणलं हुतं."

"मग दुसरं का नाही आणलं?"

"म्या लय सांगितलं. म्हनायचे, मास्तर बघंल, त्येचं हँडल माज्यासाठीच आणल्यालं ह्ये वळखंल आन् आपलं काढून माघारी दील."

मला रागच आला. त्याचा आला, आणि त्याहून जास्त माझा... दोन वर्षांत त्याचे हात मी एकदाही नीट बघितले नव्हते.

माझं मनगट केव्हाच बरं झालंय. आता कसलाही लिव्हर मला दाबता येतो. हा मात्र अजून तितकाच हलका आहे, दस्तगीरला दाबता येईल एवढा.